समईवर कोरलेली ओळ

दसऱ्याच्या दिवशी दादाने देवळात नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालायला लावलं. त्या गाऱ्हाण्यात त्याने देवाला सांगितलं, की त्याचा भाऊ बी.ए. नाही. गाव तिथे होता. मी तिथे होतो. दिवाळीनंतर माझी नोकरी गेली.

हे लिहायला बसलो त्याला बरेच दिवस झाले. दादाचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. त्याआधी लिहून संपवावं असं ठरवलं होतं, पण रोज चार ओळींच्या पुढे जात नाही.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, धारगळच्या हमरस्त्यापासून आत. वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो आणि दादाने सातवीनंतर शाळा सोडलेली होती. तो डिचोलीला खाणीवर लागला. आधी ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर. खनिज भरून नदीच्या धक्क्यावर ओतायचं, पुन्हा रिकामा ट्रक घेऊन वर यायचं. धक्क्यावरून बार्ज मुरगावला जायचे. इतकी वर्षं त्याने मुरगावचा माल ओढला, पण मुरगाव बंदर त्याने कधी पाहिलं नाही. मी एकदा नेतो म्हणालो होतो. ते राहिलं.

मला पुस्तकांची आवड होती आणि दादाला माझ्या त्या आवडीची. सुट्टीला घरी आला की तो मी वाचत असलेलं पुस्तक हातात घ्यायचा, उलटसुलट करून बघायचा आणि परत द्यायचा. त्याच्या बोटांवरच्या खनिजाचा तांबडा ठसा मुखपृष्ठावर राहायचा. मी कॉलेजला गेलो तेव्हा त्याने देवाला आंगवण केली, म्हणजे नवस बोलला: भाऊ बी.ए. झाला तर देवळाला समई देईन.

निकाल लागला त्या दिवशी मी म्हापशाला कॉलेजात जाऊन फलक पाहिला. इतिहासाच्या एका पेपरात नापास होतो. पास व्हायला पस्तीस लागायचे, मला अठ्ठावीस होते. बाकीचे सगळे पेपर सुटले होते. ऑक्टोबरात पुन्हा बसता आलं असतं. बसमध्ये मी दादाला काय सांगायचं ते वाक्य तयार करत होतो. वाक्य चांगलं जमलं होतं. अजून पाठ आहे.

घरी पोचलो तर अंगणात दादा. रजा काढून आलेला, हातात पेढ्यांचा पुडा, आणि शेजारची पाच-सहा माणसं ओट्यावर बसलेली.

"झालंस मा?" त्याने विचारलं.

"झालो," मी म्हणालो.

एवढंच. मी ते ठरवून बोललो नव्हतो. त्याचा प्रश्न तसा होता, की त्याला दुसरं उत्तर देता येत नव्हतं. त्याने पुडा सोडला. वहिनी, म्हणजे दादाची बायको, आतून ओरडली, "आधी देवाकडे ठेवा, मागीर खावा."

चार दिवसांत समई आली. दादाने ती म्हापशाला करून घेतली होती, आणि तिच्या तळाशी गोल फिरत जाणारी ओळ कोरून घेतली होती: 'भाऊ बी.ए. झाल्याप्रीत्यर्थ.' दुकानदार म्हणाला होता फक्त नाव घाला, सगळे नावच घालतात. दादा म्हणाला, नावाचं काय, नाव सगळ्यांना असतं.

देवळात गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे देवाशी मनातल्या मनात बोलत नाहीत. नारळ ठेवायचा, आपलं म्हणणं गावकराला, म्हणजे देवस्थानच्या मानकऱ्याला, सांगायचं, आणि तो गावाच्या वतीने देवासमोर उभा राहून ते मोठ्याने मांडतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमचा गावकर तेव्हाच साठीचा होता, आवाज मात्र खणखणीत. भाऊ बी.ए. झाला म्हणून ही समई तुझ्या पायाकडे ठेवली, असं त्याने सांगितलं. सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणाले. मीही म्हणालो.

ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला असता तर दादाला कळलं असतं. मी तो भरला नाही. त्याच जूनमध्ये डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवायला माणूस हवा होता. मी गुणपत्रिकेतला 'दोन' ब्लेडने खरवडून तिथे 'तीन' टाइप केला. निकालाच्या जागी 'पास' टाइप केलेली कागदाची चिठ्ठी चिकटवली. मग झेरॉक्स काढून आणली. ओळखीच्या एका अधिकाऱ्याने मूळ कागद न बघताच तिच्यावर सही-शिक्का दिला. मला तो लहानपणापासून ओळखत होता. मूळ प्रमाणपत्र मुंबईहून यायचं आहे, असं मी शाळेत सांगितलं. विद्यापीठ तेव्हा मुंबईचं होतं, आणि मुंबईहून यायच्या गोष्टींना वेळ लागतो हे सगळ्यांना मान्य होतं.

नऊ वर्षं मी शिकवलं. मी वाईट शिक्षक नव्हतो. हे लिहिताना लाज वाटते, पण तेही खरं आहे.

दादा आणि मी डिचोलीत बाजाराच्या मागे एका खोलीत राहायचो. शनिवारी गावी जायचो. सकाळी पाववाल्या पोदेराची सायकल यायची, दादा चार पाव घ्यायचा, दोन स्वतः चहात बुडवून खायचा आणि दोन माझ्या वहीवर ठेवून कामाला जायचा. वहीवर ठेवू नकोस, डाग पडतो, असं मी दर दोन दिवसांनी सांगायचो.

शाळेत नवीन माणसं आली, बी.एड. करून आली, माझ्या पुढे गेली. मी प्रशिक्षण नसलेल्या शिक्षकाच्या जागेवर तसाच राहिलो. बी.एड.च्या प्रवेशाला मूळ प्रमाणपत्र लागायचं. हेडमास्तर दर उन्हाळ्यात विचारायचे आणि मी दर उन्हाळ्यात काहीतरी सांगायचो. वहिनीची तब्येत, घराची डागडुजी, पुढच्या वर्षी नक्की. शिक्षकांच्या खोलीत माझ्या या संन्यासाचं कौतुक व्हायचं.

"तुमका पगाराची पर्वाच नाय," गणिताचे सर म्हणायचे. "पुस्तक दिला की पोट भरता तुमचा."

तेव्हा भाषेचा वाद पेटलेला होता. मराठी की कोंकणी यावरून मधल्या सुट्टीत मेजावर हात आपटले जायचे, आणि घंटा झाली की तेच लोक एकमेकांच्या डब्यातलं लोणचं संपवून वर्गावर जायचे. कोंकणी राजभाषेचा कायदा झाला, मग केंद्रशासित प्रदेशाचं राज्य झालं, शाळेत साखर वाटली. मी गप्प असायचो. मराठीच्या मास्तराचं आता काय होणार म्हणून मी धास्तावलो आहे, असं दादाला वाटायचं. मी त्याला तसं वाटू दिलं.

"भियेव नको रे," तो म्हणायचा. "पेडण्यात मराठी मरची नाय. देव मराठी आयकता."

राज्य झाल्याच्या दुसऱ्या वर्षी हेडमास्तर त्याला डिचोलीच्या बाजारात भेटले. भावाला बी.एड.ला पाठवा म्हणाले, आता नाही तर कधीच नाही, फक्त मुंबईहून मूळ कागद तेवढा आणायला हवा. दादाने मला काही विचारलं नाही. मी मुंबईला जायला घाबरतो, अशी त्याची समजूत झाली असावी. माझ्या पेटीतली झेरॉक्स घेऊन, गावी जातो असं सांगून, तो मुंबईच्या बसमध्ये बसला. त्याआधी तो सीमेवरच्या बांद्याच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आला. मी उजेडासाठी जनेलाजवळ बसून नववीचे सहामाहीचे पेपर तपासत होतो. त्याने आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि झेरॉक्स माझ्यासमोर ठेवली.

"मुंबयेक गेललंय."

"कशाला?"

"तुझो कागद हाडूक." तो खाटेवर बसला. "खिडकेवरचो माणूस बरो होतो. दोनदां बघल्यान. माका म्हणालो, काका, ह्या कागदार पास असा, आमच्या वहीत नापास असा."

मी तपासत होतो तो पेपर गठ्ठ्यावर ठेवला.

"मी म्हणालंय, तुमची वही चुकली. तासभर भांडलंय तेच्याशी. मागची माणसां बोंब मारूक लागली. शेवटाक तेणां ती वही उचलून माका दाखयली. माका इंग्रजी वाचूक येयना, पण तुझो नंबर माका पाठ असा." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तेंची वही चुकली मा?"

निकालाच्या दिवशी अंगणात विचारलं होतं तसंच विचारलं. या वेळी मी मान हलवली. नाही.

मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ती समई थंय रोज पेटता रे."

मी हात जोडले. मोठ्या भावासमोर मी तसे हात कधी जोडले नव्हते. "दादा, कुणाला सांगू नकोस. नोकरी जाईल माझी."

"लोकांक कित्याक सांगू? लोकांचो काय संबंध? मी देवाक सांगतलंय."

मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मी आजवर विसरलो नाही. देवाला सांगणं म्हणजे डोळे मिटून मनात सांगणं, हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. दादा पुस्तकं वाचत नव्हता. त्याच गावात, त्याच देवळासमोर वाढूनही, तो काय म्हणतो आहे ते मला कळलं नाही.

दसऱ्याला तरंगं, म्हणजे देवाचे वस्त्रं नेसवलेले खांब, बाहेर काढायच्या आधी गाऱ्हाणी असतात. दादा नारळ घेऊन पुढे झाला आणि गावकराच्या कानात बोलला. गावकराने मान मागे घेतली. गर्दीत शोधून माझ्याकडे पाहिलं.

"ह्या सांगू?" त्याने दादाला विचारलं.

"सांगा."

"मोठ्यान?"

"समई दिली तेव्हा मोठ्यानच सांगललास."

मला तेव्हा पुढे जाता आलं असतं. दहा पावलं होती. गावकराने पागोटं सारखं केलं आणि सुरुवात केली. ह्या घराच्या लेकराने नऊ वर्षांमागे तुझ्या पायाकडे शब्द दिला, भाऊ बी.ए. झाला म्हणून समई दिली. मग तो थांबला.

"तो शब्द खरो नाय, म्हाराजा. देणारो अजाण होतो. काय चूकमाक झाली आसात ती पदरात घी."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हणालं नाही. ढोलवाले ढोलावर हात ठेवून उभे राहिले. मग मागून कुणीतरी, वर्षानुवर्षांच्या सवयीनेच असेल, "व्हय म्हाराजा" म्हणालं, आणि पाठोपाठ सगळे म्हणाले. सगळ्या गावाने एका आवाजात होकार दिला.

दादाचं एक काम उरलं होतं. समईवरची ती ओळ घासून काढून देतो, कानस आणली आहे, असं तो गावकराला म्हणाला. त्याने खरंच पिशवीतून कानस काढली.

"येडो काय तू?" गावकर म्हणाला. "देवाच्या भांड्याक कानस लावची नाय. देवान घेतला ता घेतला."

दादा परत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. प्रसाद घेतल्यावर त्याने अर्धा माझ्या हातावर ठेवला. आपण काय केलं हे त्याला घरी जाताना वहिनीने सांगितलं. "भावाची भाकरी मोडलात तुम्ही," ती म्हणाली. तो रस्त्यात उभा राहिला. "मी देवाक सांगलंय," एवढंच म्हणत राहिला. "मी खंय कोणाक सांगलंय?"

शाळेचा शिपाई आमच्या शेजारच्या वाड्यातला. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"गावात काहीतरी बोललं गेलं म्हणतात. मी देवळातल्या गोष्टींवर शाळा चालवत नाही. तुम्ही नाही म्हणा, मी पुढे विचारणार नाही."

"खरं आहे, सर."

"नीट विचार करून बोला."

"खरं आहे."

ते धैर्य नव्हतं. मी थकलो होतो. त्यांनी चष्मा काढून मेजावर ठेवला आणि म्हणाले, "दर उन्हाळ्यात मी तुम्हाला विचारत होतो हो." व्यवस्थापनाने मुंबईला पत्र पाठवलं, उत्तर आलं, आणि दिवाळीनंतर मला कमी करण्यात आलं. पोलिसांत जायचं नाही हे हेडमास्तरांनी व्यवस्थापनाकडून कबूल करून घेतलं होतं. नेमणूकच मुळात अवैध, म्हणून अनुभवाचा दाखला मिळाला नाही. नववीचे तपासलेले पेपर खोलीवर राहिले होते. ते दादा ट्रकमधून शाळेत पोचवून आला. मी दिलेले गुण धरता येत नाहीत म्हणून ते पेपर दुसऱ्या शिक्षकाने पुन्हा तपासले. काही मुलांचे गुण कमी झाले असं नंतर ऐकलं.

पुन्हा परीक्षेला बसावं म्हणून चौकशी केली. आधी सुटलेल्या पेपरांसाठी मूळ गुणपत्रिका जोडायला हवी होती. माझ्याकडे होती ती खरवडलेली. मी खरोखर मिळवलेले गुणही त्याच कागदावर होते, आणि तो कागद कुणाला दाखवता येत नव्हता. दुसरी प्रत मागायची तर माझं नाव त्यांच्याकडे आता वेगळ्या फायलीत होतं. अर्जाला उत्तर आलं नाही. मी दुसरा अर्ज केला नाही.

डिचोलीत एका खाणीच्या कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी गेलो. शिक्षण बारावी असं खरं लिहिलं. समोरच्या माणसाने कागद वाचला आणि विचारलं, "मग मधली नऊ वर्षं काय करत होता?" मी घरी होतो म्हणालो. तो माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "शेती दिसत नाही." मी उठून आलो.

गावात शिकवण्या घेऊन पाहिल्या. चार मुलं आली, पुढच्या महिन्यात एक उरलं, मग तेही यायचं थांबलं. नाक्यावरच्या चहाच्या दुकानात दादाबरोबरचे ड्रायव्हर बसायचे.

"मास्तर, माका पण एक बी.ए. करून दी रे. लायसनाक लावतंय."

"तुका बी.ए. कित्याक? तुका आधी ब्रेक लावूक शिकव म्हणान सांग."

हसायचे. ती वाईट माणसं नव्हती. त्यातल्याच दोघांनी पुढे दादाला खांदा दिला. दादा त्या दुकानात जायचा बंद झाला. आधी पायऱ्या चढून देवळात जायचा, तेही हळूहळू थांबलं. पायरीखाली उभा राहून हात जोडायचा आणि परत यायचा.

शेवटी मी धारगळला हमरस्त्यावरच्या बियाण्या-खताच्या दुकानात लागलो. दुकान वहिनीच्या माहेरच्या नात्यातलं. पोत्यांचे शिक्के बघणं, कुठल्या पिकाला काय घालायचं ते कागदावर लिहून देणं. माझं अक्षर चांगलं आहे. कधी जुना विद्यार्थी येतो, शेतकऱ्याचा मुलगा, 'सर' म्हणतो, आणि मग त्याला आठवतं. ते आठवणं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. मी खाली बघून पोत्याची शिवण सोडतो.

दादाला खोकला आधीपासून होता. खाणीवरच्या सगळ्यांनाच असतो म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग ट्रकवर चढताना दम लागायला लागला आणि तो घरी बसला. त्या दिवसांत संध्याकाळी मी दुकानातून आलो की आम्ही ओट्यावर बसायचो. बोलणं फार नसायचं. मी वाचायचो. तो अजूनही पुस्तक हातात घ्यायचा. आता ठसा उठत नव्हता.

एकदा, जायच्या महिनाभर आधी, तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार ना."

"मी देवाक सांगलंय ता चुकला काय रे?"

मला उत्तर माहीत होतं. तू चुकला नाहीस, मी चुकलो. तू देवाशी आपणहून एकदाही खोटं बोलला नाहीस, जे बोललास ते मी बोलायला लावलं. असं वाक्य तयार होतं. पण आतून काहीतरी घट्ट धरून बसलं होतं, आणि ते काय होतं हे मला आता कळतं. नोकरी गेली याचा राग मी सगळी वर्षं त्याच्यावर ठेवला होता. त्यालाही ते माहीत होतं.

"जाऊ दे, दादा," मी म्हणालो. "आता काय त्याचं."

त्याने मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. नऊ वर्षं मी त्याला खोटं उत्तर दिलं होतं, आणि एकदा खरं द्यायची वेळ आली तेव्हा उत्तरच दिलं नाही. जाताना तो शुद्धीवर नव्हता. मी हात धरून ते वाक्य म्हटलं. त्याने ऐकलं असेल असं वहिनी म्हणते. मला तसं वाटत नाही.

देवळातली भांडी घासायची पाळी वर्षातून एकदा आमच्या घराला येते. या वर्षी वहिनीला कंबर वाकवता येईना म्हणून मी गेलो. चिंच लावून समई घासली. ओळीच्या खाचांत चिंचेचा चोथा अडकतो, तो काडीने काढावा लागतो. अक्षरं थोडी बोथट झाली आहेत. पूर्ण पुसायला आणखी किती वर्षं लागतील ते मला सांगता येत नाही. माझ्या हयातीत पुसणार नाहीत.

दादा नाही. शाळेची नोकरी नाही. समई देवळात आहे, आणि तिच्यावर ओळ आहे.